जित्या चाकाला कुंकू

मालकीणबाई, काल तुमच्या कापसाच्या जिनाचा मुहूर्त झाला. आज मी मलकापूर स्टेशनच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितोय. गाडी यायला बराच अवकाश आहे, पण मला घाई आहे ती गाडीची नाही, तुम्हाला सांगायची. तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. गेलेल्या माणसाशी हळू आवाजात, जड शब्दांत बोलावं हे मला कळतं. आज ते माझ्याच्यानं होणार नाही. मन नुसतं उड्या मारतंय. मधेच तुम्ही नाही हे आठवलं की जागच्या जागी बसतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठतं. शेजारच्या बाकावरचा कापसाचा दलाल माझ्याकडे संशयानं पाहतो आहे. पाहू दे. तुमच्या भाषेत सांगायचं तर, त्याच्या बापाचं काय जाते!

सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगतो, कारण आज तुम्हाला मधे बोलता येणार नाही, आणि अशी संधी मला या सगळ्या वर्षांत एकदाही मिळाली नव्हती.

सरकारनं मला नागपुराहून वऱ्हाडात पाठवलं ते कारखाने तपासायला. यंत्राचे पट्टे, चाकं, दांडे उघडे आहेत का पाहायचं, झाकायला लावायचे, माणसांचे हातपाय शाबूत ठेवायचे, एवढंच माझं काम. पण या कामाचा माणूस गावात आला म्हटलं की जिनवाले इंजिन बंद करून बायांना घरी पाठवत. मालक हमखास बाहेरगावी गेलेला असे. कुठं कुलूप, कुठं नुसता मुनीम, आणि मुनिमाला कधीच काही माहीत नसे. अशी कितीतरी कुलपं पाहून वैतागलेला मी पहिल्यांदा धामणगाव बढ्याला बैलांच्या दमणीतून उतरलो, तर फाटकात एक उंच, काळी, कपाळ मोकळं असलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी. मला वाटलं, ही आता हाकलते.

"या, या! केव्हाची वाट पाहून राह्यलो आमी!" तुम्ही ओरडलात. मग आत तोंड करून, "ए, इन्स्पेक्टर आला वं! पाणी आना!"

मी म्हटलं, चेष्टा करताहेत. पण चेष्टा नव्हती. तुम्हाला खरंच आनंद झाला होता. नवरा गेल्यापासून जीन तुम्ही एकटीनं चालवत होतात, आणि तो कसा चालवला आहे हे समजणारं माणूस तुमच्याकडे कधी आलंच नव्हतं. कापूस आणणारे कापसाचं बोलत, रुई नेणारे रुईचं. यंत्राचं कोणी बोलत नसे. मी आलो आणि चाकाजवळ वाकून पाहायला लागलो, तशा तुम्ही माझ्यामागे पदर खोचून निघालात. "हे पाहा. याचा आवाज ऐका. आता याच्याजवळ या." सरकी आणि रुई वेगळी करणारे ते रेचे ओळीनं कचाकच चालत होते, बाया मूठमूठ कापूस सारत होत्या, हवेत तंतूंचं धुकं होतं, आणि तुम्ही त्या गोंगाटावर आवाज चढवून मला एकेका रेच्याचा स्वभाव सांगत होतात. मी आजवर शेकडो यंत्रं तपासली, पण स्वभाव असलेली यंत्रं तुमच्याकडेच पाहिली.

आणि तुम्ही ऐकत होतात! हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मी म्हटलं, दारं बाहेर उघडली पाहिजेत, आग लागली तर बाया आत अडकतील. मी चहा पीत होतो तोवर तुम्ही सुतार बोलावून बिजागऱ्या काढायला लावल्या. मी म्हटलं, पाण्याच्या बादल्या हव्यात. झाल्या. लेकुरवाळ्या बायांची पोरं यंत्राजवळ नकोत म्हटलं, तर लिंबाखाली झोळ्यांची रांग लागली. मी हुरळून गेलो. मनात म्हटलं, सरकारनं मला पाठवलं त्याचं या एका जिनात सार्थक झालं.

मग मोठं चाक आलं.

इंजिनाच्या खोलीला लागून, भिंतीच्या अलीकडे, पुरुषभर उंचीचं ते चाक. इंजिनाचा पट्टा त्याला फिरवी, आणि त्याच्यामुळे फळ्यांखालचा लांब दांडा फिरे, आणि दांड्यामुळे सगळे रेचे. म्हणजे जिनाचा जीव त्या चाकात. आणि तेच उघडं! येता-जाता बायांचे पदर त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी म्हटलं, याला लोखंडी जाळी हवी, कमरेच्या वरपर्यंत, बोल्टांनी आवळलेली. तुम्ही जाळी करवली. माझ्यासमोर बसवली. मी खूश होऊन दमणीत बसलो.

वाटेतल्या मोताळ्यापर्यंत गेल्यावर माझी छत्री राहिल्याचं आठवलं म्हणून मागे फिरलो, ते बरं झालं. जाळी चाकापुढे नव्हती. ती अंगणात चार विटांवर आडवी ठेवलेली होती आणि तिच्यावर लाल मिरच्या वाळत होत्या.

माझा पारा चढला. तुम्ही मात्र शांतपणे मिरच्या उलथवत होतात. "साहेब, जाळी लय चांगली हाय. मिरच्याले खालून वारा लागते."

मी जे काही बोललो ते सगळं दमणीवाल्यानं पुढे गावभर सांगितलं असं म्हणतात. मी खटल्याची भीती घातली. तुम्ही म्हणालात, "घाला. दंड भरीन, अन् घरी येऊन पुन्हा जाळी काढीन." आणि मग आवाज जरा खाली आणून, "पूजलेल्या देवीले कोंडाचं नसते, साहेब. तुमी मुहूर्ताले या. मंग समजन तुमाले."

मी मुहूर्ताला आलो. समजलं. अन् कबूल करतो, पाहताना अंगावर काटा आला.

दिवाळी झाली, पहिला कापूस आला, की सगळीकडे यंत्राची पूजा करतात. हार घालतात, नारळ फोडतात, मग यंत्र सुरू करतात. तुमच्याकडे उलटं. तुमच्याकडे आधी चाक फिरवायचं आणि फिरत्या चाकाला कुंकू लावायचं. एका सवाष्णीनं पुढं व्हायचं, ओल्या कुंकवाचं बोट चाकाच्या कडेला नुसतं टेकवायचं, आणि चाकानं फिरता फिरता ती लाल रेघ स्वतःच पुरी करून घ्यायची. भरभर फिरणाऱ्या त्या काळ्या लोखंडावर एकाएकी कुंकवाचं अख्खं कडं उमटलं. बायांनी हात जोडले. करीम मिस्त्री, जो इंजिन चालवायचा, त्यानंही टोपी नीट केली.

"पाह्यलं?" तुम्ही माझ्या कानाशी ओरडलात. तुमचे डोळे चमकत होते. "देवी आपलं कुंकू आपणच काढून घेते. थांबलेल्या चाकाले कुंकू लावनं म्हंजे मढ्याले लावनं. जितं चाक पाह्यजे!"

मी म्हटलं, फार सुंदर आहे. आणि फार वेडेपणाचं आहे. बाई वाकते तेव्हा तिचा पदर कुठं असतो पाहिलंत का? तुम्ही म्हणालात, एवढ्या वर्षांत काई झालं नाई. मी म्हटलं, ज्या वर्षी होईल त्या वर्षी काय कराल? तुम्ही मला पेढा दिलात. तुमच्याशी वाद घालताना ही मोठी अडचण होती. उत्तर सुचलं नाही की तुम्ही खायला द्यायचात.

तेव्हापासून आपलं भांडण लागलं ते लागलं. बाकी सगळ्या बाबतीत तुमचा जीन माझ्या दौऱ्यातला पहिला नंबर. मी दुसऱ्या जिनवाल्यांना तुमचं उदाहरण द्यायचो आणि ते म्हणायचे, हो का, आणि मोठ्या चाकाची जाळी कुठं आहे तिची? मी छत्री उचलून वाटेला लागायचो. दर खेपेला जाळी बसायची, माझी पाठ वळली की निघायची. एकदा तिच्यावर सांडगे होते. एकदा कोंबडी अंड्यांवर बसली होती. तुम्हाला त्याचं हसू यायचं आणि मला संतापानं रडू.

मग पार्वतीचं झालं. दोन वर्षांपूर्वी, मुहूर्तालाच. तुम्ही विधवा, तुमच्या हातचं कुंकू चालत नाही, म्हणून तुम्ही दरवर्षी मजुरणींपैकी एखादी सवाष्ण निवडत होतात. मान मिळायचा म्हणून बायांत चढाओढ असायची. त्या वर्षी पार्वतीला मान मिळाला. ती वाकली, बोट टेकवलं, आणि खांद्यावरचा पदर घसरून पट्ट्यात गेला. मी दाराशी होतो. मिस्त्रीचा हात पट्टा सरकवायच्या दांड्याकडे गेला, पण तो ओढायच्या आत पदर टर्रकन फाटला आणि पार्वती भिंतीवर जाऊन आदळली. मनगट मोडलं, बांगड्या फुटून हातात घुसल्या. चाक फिरतच होतं. त्याच्यावर कुंकवाचं कडंही होतं.

तुम्ही तिला स्वतः उचललंत. तुमच्याच दमणीतून मलकापूरच्या दवाखान्यात नेलंत, मांडीवर डोकं घेऊन. हात बरा होईपर्यंत ती तुमच्या घरी जेवली, तुमच्याजवळ निजली. हे सगळं मी पाहिलं आणि तरी तुमच्याशी भांडलो, कारण तुम्ही म्हणालात, "देवीनं वाचवली."

"लुगड्यानं वाचवली!" मी ओरडलो. "जुनेर होतं, विटलेलं होतं, म्हणून फाटलं. नवं असतं तर ती बाई त्या चाकाभोवती गुंडाळली गेली असती. गरीब होती म्हणून वाचली, मालकीणबाई. देवीचं नाव कशाला घेता?"

या वेळी तुम्ही खायला दिलं नाही. मग तुम्ही ते सांगितलंत, जे त्याआधी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. तुमच्या मालकांनी जीन बांधला त्या पहिल्या वर्षी मुहूर्ताला चाक सुरू झालं, तुम्ही कुंकू लावायला पुढं झालात, तेव्हा तुम्ही सवाष्ण होतात, आणि तुमचं बोट पोचायच्या आत चाक थांबलं. पट्टा निसटला असेल, काहीही झालं असेल. पण थांबलं. घाईघाईत तुम्ही थांबलेल्या चाकालाच कुंकू लावलंत. होळीच्या आत मालक तापानं गेले. तुमचा लेक नारायण तेव्हा पाळण्यात होता.

"आता बोला," तुम्ही म्हणालात. "तुमच्या कायद्यात याचं काई हाय का?"

नव्हतं. काहीच नव्हतं. मी कितीतरी रात्री उत्तरं जुळवली. ताप चाकातून येत नाही, हे मला माहीत होतं आणि मला वाटतं तुम्हालाही माहीत होतं. पण पाळण्यातल्या त्या नारायणाला तुम्ही त्या चाकाच्या भरवशावर मोठा केला होता. ज्या वर्षी चाक थांबलं नाही त्या वर्षी तो जगला. असं एकेक वर्ष. त्या भरवशातून एक वर्षसुद्धा काढून घ्यायची माझी छाती नव्हती. मी फक्त एवढंच मिळवलं की मुहूर्ताच्या दिवशी बायांनी पदर खोचून कंबर बांधावी. तुम्ही हो म्हणालात. मागच्या वर्षी तसं केलं, कुंकू लागलं, चाक क्षणभरही थांबलं नाही, कोणाला काही झालं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहून भुवया उडवल्यात. पार्वती मात्र त्या दिवशी आत आली नाही. मनगट मोडल्यापासून ती मागच्या सरकीच्या ढिगावरच काम मागून घ्यायची. चाक दिसेल अशा जागी बसायचीच नाही.

आपली शेवटची भेट यंदा नवरात्राच्या सुमारास. तुम्ही नुसत्या फुलून गेला होतात, कारण उन्हाळ्यात नारायणचं लग्न झालं होतं. सूनबाई साखरखेर्ड्याची. तुम्ही मला तिचं बोलणं ऐकवायला तिला दोनदा हाक मारलीत, कारण 'का?' विचारताना ती 'काऊन'ऐवजी 'कामून' म्हणते याची तुम्हाला केवढी गंमत! आणि मग तुम्ही ती बातमी दिलीत, पेढ्यासारखी.

"यंदा कुंकू सूनबाई लावन. घरची सवाष्ण! आता मजुरणीतली सवाष्ण निवडाचं काम नाई. नवं लुगडं घेतलं तिले. पाहा तरी!"

तुम्ही ते लुगडं माझ्या हातात दिलंत. मी ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. काय दणकट विणलं होतं! मी म्हटलं, "मालकीणबाई, हे फाटणार नाही."

"काऊन फाटन? चांगलं पाहून घेतलं."

"म्हणूनच सांगतोय!"

तुम्हाला समजलं. तुमचा चेहरा क्षणभर बदलला, मी पाहिलं. पण तुम्ही लुगडं घडी करून ठेवलंत आणि म्हणालात, "मुहूर्ताले या. मंग पाहू." मी रागारागानं जेवायला बसलो आणि त्या रागातच दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तुमचा ठेचा होता, राग कितीही असला तरी काय करणार. निघताना मी म्हणालो, यंदा मी चाकापुढे आडवा पडेन. तुम्ही म्हणालात, "पडा. तुमच्या अंगावरून हात नेऊन सूनबाई चाकाले कुंकू लावन." आणि हसलात. दमणी वळेपर्यंत तुमचं हसू ऐकू येत होतं. ते तुमचं शेवटचं ऐकलेलं. वाईट नाही, मालकीणबाई. माणसाचं शेवटचं म्हणून त्याहून चांगलं काय ऐकायला मिळणार?

या खेपेला मलकापुरातच मला कळलं. दमणीवाला म्हणाला, धामणगावच्या जिनवाल्या बाई गेल्या, चार दिवसांच्या तापानं. मी त्याला खोटारडा म्हटलं. मग त्याची माफी मागितली. मग रस्ताभर तुमच्यावर चिडलो, कारण वाद अर्धा टाकून जायची तुमची रीत नव्हती. तुम्हाला नीट सांगायचं राहिलंच की एवढ्या मोठ्या मुलखात तुमच्या फाटकाशी दमणी वळली की माझा थकवा जात असे. एका जिनात तरी माझी वाट पाहतात, यावर मी किती दौरे काढले हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

आता कालचं सांगतो. आता बसा नीट.

तेरावं झालेलं, कापूस येऊन पडलेला, बायांच्या हाताला काम हवं. मुहूर्त थांबवता येण्यासारखा नव्हता. साधा करायचा ठरलं. मी आदल्या दिवशीच येऊन राहिलो. मनात भाषण तयार होतं, चांगलं लांब. वत्सलेला म्हणजे तुमच्या सूनबाईला एकटं गाठून सांगायचं होतं. पण ती सापडेल तर ना! कधी चुलीशी, कधी कापसाच्या गाड्यांशी, कधी मिस्त्रीशी बोलतेय. तुमच्यासारखीच पदर खोचून. मी माझं भाषण घेऊन तिच्यामागे फिरतोय आणि ती, "भाऊ, आलेच," म्हणून नाहीशी.

सकाळी करीम मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं. पट्टा सरकला, चाक फिरायला लागलं. बाया गोळा झाल्या. नारायण दाराशी उभा, चेहरा पांढरा. आणि वत्सला आली. अंगावर तेच नवं लुगडं. हातात हळदी-कुंकवाचं ताट. ती सरळ चाकापाशी गेली. मी पुढं सरकलो, खरंच आडवा पडायच्या तयारीनं.

ती वाकली नाही. ती मिस्त्रीकडे वळली आणि म्हणाली, "करीमचाचा, चाक थांबवा."

मिस्त्री म्हणाला, "बेटी, काय बोलून राह्यली? मुहूर्ताले? मोठ्या मालकाचं माहीत हाय नं तुले?"

"माहीत आहे."

"मंग? नारायण..." मिस्त्रीनं मान हलवली. बायांमधून कुणीतरी म्हणालं, "मायबाई! सासू जाऊन महिना नाई अन् हिचं सुरू झालं."

नारायण म्हणाला, "वत्सले, नको." अगदी हळू.

मालकीणबाई, मी इतकी वर्षं जे उत्तर शोधत होतो ते तुमच्या सुनेनं त्या चाकाशेजारी उभं राहून दिलं. ती म्हणाली, "मागच्या मुहूर्ताला चाक थांबलं होतं का? तुम्ही सगळे होता नं? नव्हतं थांबलं. मग सासूबाई कामून गेल्या?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"त्यांनी सगळं आयुष्य या चाकाला थांबू दिलं नाही," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "त्या गेल्या त्या दिवशी त्यांच्यासाठी थांबवायला ते चालूच नव्हतं. आज चालू आहे. आज त्यांच्यासाठी थांबवा. घडीभर. एवढं तरी कराल की नाही त्यांचं?"

मिस्त्रीचा हात दांड्यावर होता, पण तो ओढेना. त्यानं नारायणकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मीही पाहिलं. त्या चाकावर ज्याचा जीव टांगलेला, असं सगळं गाव मानत होतं, तो दाराशी उभा होता.

नारायण चालत आला. त्यानं मिस्त्रीचा हात बाजूला केला आणि दांडा स्वतः ओढला.

पट्टा शेजारच्या सैल, नुसत्या फिरणाऱ्या चाकावर सरकला. मोठं चाक फिरत राहिलं, मग हळू झालं, मग त्याचे आरे वेगवेगळे दिसायला लागले. आणि थांबलं. काय सांगू! मी ते चाक एवढ्या वेळा तपासलं, पण बायांनी ते थांबलेलं असं जवळ उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. वत्सलेनं आधी हळद लावली, मग कुंकू. शांतपणे. अंगठ्यानं. पदर खांद्यावर जसाच्या तसा. आणि मग एकेक बाई पुढं यायला लागली, कारण आता मान एकीचा नव्हता. थांबलेल्या चाकाला कोणीही हात लावू शकत होतं! ठिपक्यांवर ठिपके पडत गेले. शेवटी मागच्या दारात गलबला झाला. पार्वती आली होती. मोडून वाकडं बसलेल्या मनगटाचा तो हात तिनं चाकावर ठेवला, बोट नाही, अख्खा पंजा, आणि तसाच ठेवून उभी राहिली. कोणी घाई केली नाही. मी इन्स्पेक्टर माणूस, मी नाक शिंकरायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

मग जाळी. वत्सलेनंच सांगितलं, "भाऊ, तुमची जाळी बसवा." मी आणि मिस्त्रीनं मिळून बोल्ट आवळले. पट्टा परत सरकला, चाक सुरू झालं, आणि मालकीणबाई, ते सगळे ठिपके मिळून जाळीच्या आत तुमचं ते लाल कडं उमटलं! पहिल्यापेक्षा दाट! बाया किंचाळल्याच. मिस्त्री मला मिठी मारतो आहे, मीही त्याला मिठी मारतो आहे, दोघांच्या अंगाला वंगण. तुम्ही हव्या होतात. नाही, खरं म्हणजे तुम्ही नव्हतात म्हणूनच झालं, आणि हे मला अजून नीट पेलत नाही.

पण मी एवढ्यावर थांबलो तर तुम्हाला खरं सांगितलं असं होणार नाही.

दिवसभर सगळे नारायणकडे चोरून पाहत होते. जेवताना त्याला ठसका लागला तर चार बाया उठल्या. मी ओसरीवर झोपलो. आज सकाळी निघायची तयारी करत होतो, तर वत्सला पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, "वत्सलाताई, रडायचं नाही आता. फार मोठं काम केलंत."

ती म्हणाली, "मी भ्याले नव्हते असं नाही, भाऊ. रात्रभर झोप नाही. घडी घडी उठून त्यांच्या नाकापाशी हात धरून पाहत होते, श्वास चालू आहे का." मग तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. "अजून उठले नाहीत. रोज यावेळी उठतात."

चाकाचा आणि माणसाच्या जिवाचा काही संबंध नाही हे सांगायलाच सरकार मला पगार देतं. तरी मी दमणीकडे गेलो नाही. दमणीवाला हाका मारत होता. आम्ही दोघं त्या दाराकडे पाहत उभे राहिलो, तुमची सून आणि मी, आणि आत काही हालचाल नव्हती.

मग खाट करकरली. नारायण डोळे चोळत बाहेर आला, आम्हाला दोघांना असं उभं पाहून दचकला आणि म्हणाला, "काय झालं? चहा नाई झाला का अजून?"

उठला, मालकीणबाई. तुमचा लेक उठला.